खाऱ्या पाण्याच्या गावात बाथरूम बांधताना

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले माझे 'म्हणजे' आणि 'बेसिकली' जमेल तेवढे काढले आहेत.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज बाथरूम. हसू नका, शेवटपर्यंत ऐका, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पहिल्या दुसऱ्या वर्षाच्या पगारातून गावाकडे हेच काम काढायचं असतं. मीही तेच केलं होतं, आणि चुकीचं केलं होतं.

माझं गाव बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात. पूर्णा नदीच्या अंगाचा हा सगळा भाग खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलाय आणि जमिनीखालचं पाणी खारं आहे. लोणारचं सरोवर खारं म्हणून जगभरातून माणसं बघायला येतात. आमची बोअरही खारीच आहे, तिला मात्र कोणी बघायला येत नाही. प्यायला वाण धरणाचं नळाचं पाणी, तेही रोज नाही. बाकी आंघोळ, धुणं, फ्लश सगळं बोअरवर. मी टीडीएस मीटर लावून बघितला तर आकडा दोन हजाराच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 ही योग्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात.

हे आधी का सांगतोय? कारण टाईल, बेसिन, कमोड निवडायचे सगळे व्हिडिओ गोड पाण्याच्या शहरात बनलेले असतात.

तर, 2021. वर्क फ्रॉम होम, मी गावी, हातात पैसे. घरातली जुनी न्हाणी कोब्याची होती, काळपट. मी ठरवलं, हॉटेलसारखं बाथरूम करायचं. खामगावला गेलो आणि पांढरी, चकचकीत, दोन बाय दोनची व्हिट्रिफाईड टाईल घेतली. जमिनीला तीच, भिंतीला तीच. आजी आत येऊन म्हणाली, "पोरा, ह्या फरशीत तं माह्या कपायाचं कुकू दिसते." मी ते कौतुक समजलो.

जानेवारी 2024 मध्ये आजी त्याच फरशीवर पडली. सकाळी, साबणाच्या पाण्यावर. मनगट मोडलं. पण मला जे अजून झोपेत आठवतं ते वेगळंच आहे. दार आत उघडणारं होतं आणि आजी दाराच्या मागे पडली होती. कडी लावलेली नव्हती, तरी दार उघडेना. बाबा फोनवर सांगत होते, "दार लोटलं तं तिलेच लागे, करू काय?" शेवटी बिजागऱ्या बाहेरून निघत नाहीत म्हणून वरची जाळी काढून शेजारचा पोरगा आत उतरला. वीस मिनिटं गेली. मी पुण्यात, स्टँडअप मीटिंगमध्ये, म्यूटवर.

प्लास्टर निघालं, मनगट जुळलं. एप्रिलमध्ये मी घरी गेलो तेव्हा आई हळूच म्हणाली, "तुही आजी दिवस बुडल्यावर पानीच पेत नाई." रात्री उठून त्या फरशीवर जायला लागू नये म्हणून. आमच्याकडे किडनीच्या आजाराची माणसं गावोगाव आहेत, त्यामुळे हे ऐकून पोटात गोळा आला. आजी फरशीबद्दल एक शब्द बोलली नव्हती. नातवाने हौसेने बसवलेली ना.

दुसऱ्याच दिवशी फोडायला काढली.

आता टाईल. पहिली गोष्ट, भिंतीची टाईल आणि जमिनीची टाईल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भिंतीची सिरॅमिक टाईल पाणी शोषते, हलकी असते, कापायला सोपी आणि स्वस्त. ती जमिनीला लावायची नाही. जमिनीला कमी पाणी शोषणारी, पण मॅट किंवा खरखरीत. बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबीहून येतो, त्यामुळे दुकान शेगावचं असो की खामगावचं, डिझाईन तीच दिसतील. दुकानदाराला विचारायचं, "घसरण्याचा ग्रेड काय?" आर 9, आर 10, आर 11 असे नंबर असतात आणि नंबर वाढेल तशी पकड वाढते. गंमत अशी की ही आर वाली चाचणी बूट घालून, तेल टाकलेल्या उतारावर करतात. ओल्या फरशीवर अनवाणी पायासाठी ए, बी, सी असा वेगळा ग्रेड आहे. मी विचारला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं जणू मी टाईलची जन्मपत्रिका मागितली.

मग मी माझी चाचणी केली. तीन सँपल जमिनीवर ठेवले, बाटलीतलं पाणी ओतलं, सोबत नेलेला शाम्पूचा पाऊच फोडला, चप्पल काढली आणि उभा राहिलो. दुकानातली माणसं हसली. हसू द्या. तीनातली एक, जी बोटाला खरखरीत लागत होती, तीच शाम्पूवर सगळ्यात जास्त घसरली. हाताने कळत नाही. पाय ठेवूनच बघा.

शेवटी जमिनीला एक बाय एक फुटाची, मॅट, राखाडी. लहान टाईलचे दोन फायदे. जॉइंट जास्त म्हणजे पायाला पकड जास्त. आणि ढाळ नीट निघतो. मोठी टाईल एकाच बाजूला कलते, लहान टाईल चारी बाजूंनी जाळीकडे उतरवता येते. पाणी साचलंच नाही तर क्षारही साचत नाही. पाढरी का नाही? पांढऱ्यावर पिवळे डाग, काळ्यावर पांढरे डाग. क्षाराचा रंग राखाडीच्या जवळ जातो, इतकं साधं आहे ते.

हिशेब सांगतो, कारण याच्यात लोक फसतात. आमचं बाथरूम 7 बाय 5. जमीन 35 चौरस फूट. भिंती सात फुटांपर्यंत, परिघ 24 फूट, म्हणजे 168, त्यातून दाराचे साडेसतरा वजा, राहिले साधारण 150. दोन्हीवर दहा टक्के तुटफुटीचे. आणि वरून एक पेटी जास्त घेऊन माळ्यावर टाका. पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही, हे मी 2021 च्या फुटलेल्या टाईलवरून शिकलो.

जॉइंट. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खाऱ्या पाण्यात खरा खेळ इथेच आहे. डाग पडले की घरची माणसं काय करतात? ॲसिडची बाटली. ॲसिड सिमेंटचे जॉइंट खातं, नळाचं क्रोम खातं, आणि बंद बाथरूममध्ये त्याची वाफ छातीत जाते. जॉइंट पोकळ झाले की पाणी खाली. म्हणून जमिनीला आणि भिंतीला तीन फुटांपर्यंत इपॉक्सी ग्राउट भरलं, वर साधं. इपॉक्सी महाग आहे आणि मिस्तरींना आवडत नाही, कारण ते पटकन घट्ट होतं, उन्हाळ्यात तर फारच पटकन. आमचे मिस्तरीमामा म्हणाले, "हे मशाला नाई, हे तं फेविक्विक हाय." मग सकाळी सहाला सुरू केलं, थोडं थोडं कालवून, लगेच पुसत. आता आठवड्याला सायट्रिक ॲसिडचं, म्हणजे लिंबूसताचं पाणी मारून आई ब्रश फिरवते. ॲसिडची बाटली घरातून बंद.

टाईलच्या आधी वॉटरप्रूफिंग करून जाळी बुजवून पाणी भरून ठेवा, एक ते दोन दिवस. आणि सिमेंट कालवायला बोअरचं खारं पाणी वापरू नका. भिंतीला पांढरे फुलोरे फुटतात, आतलं लोखंड गंजतं. आम्ही नळाचं पाणी दोन ड्रममध्ये धरून ठेवलं. त्यासाठी काम चार दिवस थांबलं. थांबू द्या.

कमोड. इथे बीटेक उघडा पडला. मी ऑनलाइन ऑफर बघून आधीच कमोड मागवला होता. मिस्तरीमामांनी टेप लावली आणि म्हणाले, "भाऊ, भोक इथं हाय अन् तुमचा कमोड तं तिकडं पाह्यते." कमोडची खालची आउटलेट जमिनीत जात असेल तर त्याला एस ट्रॅप म्हणतात, मागे भिंतीत जात असेल तर पी ट्रॅप. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. नऊ इंची येतो, बारा इंची येतो. आमचं नऊ, माझा बारा. आणि मोजायचं ते टाईल लावल्यानंतरच्या भिंतीपासून, नुसत्या विटेपासून नाही. मसाला आणि टाईल मिळून इंचभर खातातच. परत पाठवायचं भाडं माझ्या खिशातून गेलं.

पण खरा प्रश्न मापाचा नव्हता. आजी म्हणाली, "खुर्चीवर बसल्यासारखं वाटते. मले नाई होत." तिचं आयुष्य ओरिसा पॅनवर गेलेलं. गुडघे मात्र आता खाली बसू देत नाहीत. आम्ही वाद घातला नाही. अंगणातला जुना संडास तसाच ठेवला आणि आत कमोड बसवला. दुकानात 'कम्फर्ट हाइट' म्हणून उंच कमोड दाखवतात, ज्येष्ठांसाठी म्हणून. उंच माणसाला तो बरा, पण माझी आजी पावणेपाच फूट! तिचे पाय लोंबकळले असते. म्हणून साध्या उंचीचा घेतला आणि पायाखाली सुताराकडून रुंद पाट करून घेतला. त्याच्यावर पाय टेकले की गुडघे थोडे वर येतात, तिला बसल्यासारखं वाटतं.

फ्लश टँक भिंतीबाहेरचा, प्लास्टिकचा. भिंतीतला लपवलेला टँक दिसायला भारी, पण क्षाराने आतला वॉल्व्ह जाम झाला की पार्ट कुठून आणणार? बाहेरच्याचा पार्ट तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळतो. दोन बटणांचा घ्या, तीन आणि सहा लिटरचा. जुने टँक एका वेळी दहाच्या वर लिटर ओततात. दिवसाआडच्या पाण्यात ते परवडत नाही.

बेसिनचं थोडक्यात. काळं मॅट, ओट्यावर ठेवायचं वाडगं, रील्समध्ये दिसतं ते, मलाही हवं होतं. खारं पाणी त्याच्यावर तीन दिवसांत रांगोळी काढतं. आणि ओटा अधिक वाडगं मिळून उंची छत्तीस इंचांच्या वर जाते. आजीच्या छातीला लागलं असतं. भिंतीवरचं साधं पांढरं घेतलं, काठ तीस इंचांवर. नळ पीटीएमटीचे, म्हणजे चांगल्या प्लास्टिकचे. पाहुणे 'प्लास्टिक काहून?' विचारतात. आमच्या पाण्यात चकचकीत नळ दोन वर्षांत हिरवट होऊन गळतात, हे त्यांच्याही घरी आहे, पण विचारतात.

धरायचे दांडे दोन, एक कमोडशेजारी, एक आंघोळीच्या जागेला. टॉवेलचा रॉड म्हणजे आधाराचा दांडा नाही, तो वजनाने निघून येतो. पक्क्या विटेत लांब स्क्रू, आणि स्टीलवर प्लास्टिकचं आवरण असलेला. तो गंजत नाही आणि ओल्या हातातून सुटत नाही.

आणि दार. दार आता बाहेर उघडतं. कडी अशी की बाहेरून नाण्याने फिरवता येते. सगळ्या कामात सगळ्यात कमी खर्च या दाराला आला. 2021 मध्ये सुताराने विचारलंही होतं, "आत का बाहेर?" मी फोनवर होतो. हाताने 'आत' अशी खूण केली होती.

काम संपलं त्या रात्री आजी जाऊन आली. आम्ही सगळे झोपल्याचं नाटक करत होतो. बाहेर येऊन तिने आईला हाक मारली, "वं सूनबाई, फरशी खरबडी हाय. पाय धरते." मग माठाकडे गेली. तांब्याचा आवाज आला.

पुढच्या भागात टाकी आणि पाइपलाइनबद्दल बोलू, क्षाराने पाइप आतून कसा भरत जातो ते. कापलेल्या पाइपचा तुकडा मी जपून ठेवलाय, फोटो टाकतो. चला, ठेवतो.