जखम पाहून न्याय व्हावा



अहिल्यानगरला लष्कराची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १९४८ पासून रणगाडा दलाचे केंद्र आणि प्रशाला येथे आहे. यांत्रिक पायदळाचे केंद्रही येथेच आहे. के. के. रेंजवर गोळीबाराचा सराव सुरू झाला की आसपासच्या गावांना त्याची वर्दी आपोआप मिळते. १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली येतात, मुले पोलादी चिलखतावर कुतूहलाने हात फिरवतात. त्या चिलखताच्या आत बसणाऱ्या जवानाचा पाय गेला, तर त्याच्या घरी दरमहा काय पोहोचते, हा प्रश्न सहलीत कोणी विचारत नाही. आज तो विचारायचा आहे.

त्याचे उत्तर जखमेवर अवलंबून असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती जखम कोठे आणि कशी झाली, याला अधिक महत्त्व आहे. एक साधा हिशेब पाहा. एका जवानाचे अखेरचे वेतन पन्नास हजार रुपये आहे. शत्रूच्या गोळीने त्याला शंभर टक्के अपंगत्व आले आणि त्यामुळे त्याला सेवा सोडावी लागली, तर युद्धजखमेपोटीचा हिस्सा अखेरच्या वेतनाइतका, म्हणजे महिना ५०,००० रुपये धरला जातो. तोच जवान प्रशिक्षणात वाहन उलटून तितकाच जायबंदी झाला, तर अपंगत्वाचा हिस्सा वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १५,००० रुपये होतो. सेवेपोटीचा हिस्सा दोघांनाही वेगळा मिळतो. जिवंत दारूगोळ्याचे काही सराव युद्धजन्य वर्गात गणले जातात, हेही खरे. परंतु बाकीच्या अपघातांचे काय? शत्रूसमोर उभा ठाकलेल्याचा मान मोठा असावा, याबद्दल दुमत नाही. तो पदकाने करावा. चाकाची खुर्ची मात्र दोघांनाही एकाच किमतीला मिळते.

ही विषमता महाराष्ट्राच्या परंपरेलाही धरून नाही. अफजलखानाच्या स्वारीनंतर, १६५९ साली, शिवछत्रपतींनी काय केले ते सभासदाने नोंदवून ठेवले आहे. पडलेल्यांच्या पुत्रांना चाकरी दिली, पुत्र नसलेल्यांच्या स्त्रियांना अर्धे वेतन बांधून दिले आणि जखमींना त्यांच्या जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन वाटले. मापाची पट्टी एकच होती, ती म्हणजे जखम. त्या काळी संगणक नव्हते, की वैद्यकीय मंडळे नव्हती.

दुसरी अडचण पुराव्याची. धडधाकट म्हणून भरती झालेला तरुण सेवेत आजारी पडला, तर तो आजार सेवेमुळेच जडला हे त्यानेच सिद्ध करावे, अशी अपेक्षा दीर्घकाळ धरली गेली. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती उलटवली: भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल, तर संशयाचा लाभ सैनिकाला मिळाला पाहिजे. टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची सवलत, म्हणजे पन्नासच्या आतील अपंगत्व पन्नास धरण्याची तरतूद, १९९६ पासूनची आहे. पण मुदत संपून निवृत्त झालेल्यांना ती मिळण्यासाठी डिसेंबर २०१४ चा निकाल यावा लागला. तोवर किती जणांनी वाट पाहिली असेल!

निकाल लागल्यावरही शासनाची अपिले थांबेनात. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी हे ओळखले आणि २०१५ साली तज्ज्ञांची समिती नेमली. आपल्याच सैनिकांविरुद्धची खटलेबाजी कमी कशी करता येईल, हा तिच्यापुढील प्रश्न होता, आणि अपंगत्वाच्या प्रकरणांवर तिच्या अहवालात विशेष भर होता. पर्रीकर आज नाहीत. तो अहवाल मात्र आहे.

प्रशासनाचीही एक बाजू आहे, ती दडवण्याचे कारण नाही. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या विकारांपोटी अपंगत्व निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या, विशेषतः अधिकाऱ्यांच्या, प्रमाणाकडे महालेखापरीक्षकांनी लक्ष वेधले होते. सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांमागे ही पार्श्वभूमी आहे. गैरवापर रोखलाच पाहिजे. परंतु चाळणी बारीक करताना ज्याचा पाठीचा कणा मोडला आहे तोच अडकून पडेल, तर ती चाळणी सदोष म्हणावी लागेल.

अग्निवीरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०२२ च्या योजनेत सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी ५०, ७५ आणि १०० टक्क्यांच्या टप्प्यांना अनुक्रमे १५, २५ आणि ४४ लाख रुपये एकरकमी ठरवले गेले; शिवाय उरलेल्या मुदतीचे वेतन आणि सेवानिधी. आजन्म मासिक निवृत्तिवेतन त्यात नाही. योजनेच्या इतर गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे होऊ शकते. पण बाविसाव्या वर्षी अंथरुणाला खिळलेल्या मुलाला ती रक्कम पन्नास वर्षे पुरवायची आहे, आणि महागाई काही एकरकमी वाढत नाही. येथील केंद्रांतूनही अग्निवीर तयार होत आहेत, म्हणून हे येथे बोलणे आवश्यक आहे. खडकवासल्यासारख्या प्रबोधिनीत जायबंदी होऊन घरी परतलेल्या छात्रांची कथा तर अशी, की कमिशन मिळण्यापूर्वीच जखमी झाल्यामुळे ते माजी सैनिकही ठरत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कोठे देशाला त्यांची आठवण झाली.

पैशाइतकेच महत्त्व पुनर्वसनाला आहे. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली सेहेचाळीस वर्षे आपण सारे कोठे होतो?

शासनाकडे मागायचे ते मागूच: अपघाती आणि युद्धजन्य अपंगत्वातील दरी कमी करावी, अग्निवीराला मासिक आधार द्यावा, निकाली निघालेल्या मुद्द्यांवर पुन्हा अपील करू नये. मात्र अकोले किंवा जामखेडच्या एखाद्या वाडीतून मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि बहुतेक प्रकरणे तेथे पोहोचण्यापूर्वी कागदांतच हरतात. अपघाताच्या चौकशीचा अहवाल, रुग्णालयातून सोडल्याची नोंद, वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत, यांपैकी एक कागद नसला तरी दावा लंगडा पडतो. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून येते. हयातीचा दाखला वेळेवर नोंदवला नाही तर तेही थांबू शकते. ज्याचे हात चालत नाहीत, त्याने तो नोंदवायचा कसा?

प्रत्येक तालुक्यात निवृत्त कारकून, शिक्षक, वकील आहेत. सात डिसेंबरला ध्वजनिधीच्या डब्यात नोट टाकून छातीला ध्वज लावणारेही अनेक आहेत. त्यांपैकी दोघांनी आपल्या गावातील एका जायबंदी सैनिकाची कागदपत्रे तपासून, त्याला सोबत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढायला हरकत नाही. येत्या आठवड्यातही ते करता येईल.