टेबलाभोवती
(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या युवक शाखेपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सभागृहात यंदा टेबल-टेनिसचे टेबल आले. ते येताच पहिली सूचना पुढे आली ती स्पर्धेची आणि फिरत्या चषकाची. स्पर्धेला माझा विरोध नाही. परंतु तीत दोघे खेळतात आणि उरलेले सर्व खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवितात. आपल्यासारख्या मंडळाला हे पुरेसे नाही, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

मुळात हा खेळ क्रीडागाराचा नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील घरांत, रात्रीचे जेवण आटोपल्यावर, जेवणाच्याच टेबलावर तो खेळला जाई. पुस्तकांची रांग हीच जाळी आणि बाटलीचे बूच हाच चेंडू, असे त्या आरंभीच्या खेळाचे वर्णन केले जाते. १९०० च्या सुमारास सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू आला आणि खेळाला खरा जीव आला. त्याच्या आवाजावरूनच 'पिंग-पाँग' हे नाव रूढ झाले. १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापक सदस्यांत भारतही होता. १९५२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. तीत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. चेंडू तिच्यावर आपटल्याचा आवाजच होईना! प्रतिस्पर्धी डोळ्यांइतकेच कानांनीही खेळत होते, हे तेव्हा सर्वांना उमगले. पुरुष एकेरीचे अजिंक्यपद सातोने पटकाविले.

आता आपल्या टेबलाकडे वळू. घरगुती खेळाचा माझा सर्वांत आवडता प्रकार म्हणजे टेबलाभोवती धावण्याचा. जर्मनीत त्याला 'रुंडलाउफ' म्हणतात. आमच्या सरकारी वसाहतीतील मुले नुसतेच 'गोल गोल' म्हणत. आठ-दहा जणांनी टेबलाच्या दोन टोकांना रांगा कराव्यात. चेंडू एकदा परतविला की धावत दुसऱ्या टोकाच्या रांगेत जाऊन उभे राहावयाचे. चुकला तो बाद. गडी कमी होतात तसे धावणे वाढत जाते. तिघेच उरले की जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते. शेवटच्या दोघांनी जागेवर उभे राहून तीन गुणांचा निकाल लावावा. बदलीवर या शहरात आलेल्या मुलाला इतर मुलांत मिसळावयास एरवी महिने लागतात. या खेळात ओळख करून देण्याची आवश्यकताच पडत नाही; रांगेत एक जागा मिळाली की झाले.

वडील मंडळींना मी दुहेरी सुचवीन. दुहेरीत दोघांनी आळीपाळीनेच चेंडू मारावयाचा असतो. त्यामुळे घरातील पट्टीच्या खेळाडूला सर्व चेंडू स्वतःकडे ओढता येत नाहीत. सहचारिणीला वा आजोबांना वाट करून द्यावीच लागते. (हा नियम ज्याने केला तो संसारी गृहस्थ असावा.) खेळात फार तफावत असेल तर दुबळ्या बाजूस आठ-दहा गुण आधीच द्यावेत, किंवा बलवानाने डाव्या हाताने खेळावे. यात कमीपणा मानू नये.

गुणांच्या बाबतीत मात्र माझे मत जरा उलटे आहे. २००१ पासून डाव २१ ऐवजी ११ गुणांचा झाला. स्पर्धेत तो नियम अवश्य पाळावा. पण आपल्या सभागृहात डाव २१ चाच ठेवावा आणि गुण मराठीत पुकारावेत. आपली मुले घरी मराठी समजतात, परंतु दहाच्या पुढे गेली की इंग्रजीत शिरतात. डाव अकराला संपला तर चौदा, सतरा आणि एकोणीस हे शब्द त्यांच्या तोंडी येणार कधी? अटीतटीच्या क्षणी 'एकोणीस-अठरा' असे ओरडावे लागले की तो शब्द आपोआप जिभेवर बसतो. पाढ्यांच्या सक्तीने हे साधत नाही, असे घरोघरच्या पालकांना विचारून पाहावे.

साहित्याची फार चिंता नको. टेबल ९ फूट लांब, ५ फूट रुंद व अडीच फूट उंच, आणि जाळी ६ इंच, ही मापे स्पर्धेसाठी. घरी जेवणाचे टेबल आणि दोन डब्यांमध्ये ताणलेली नाडी पुरते. चेंडूला पोचा आला तर तो फेकू नये. कढत पाण्यात थोडा वेळ धरला की बहुधा फुगून पूर्ववत होतो. तडा गेलेल्याला मात्र उपाय नाही. त्याचा आवाजच बसका येतो.

राहता राहिला प्रश्न सभागृहाच्या किल्लीचा. ती सध्या चिटणीसांकडे असते आणि सभागृह गणेशोत्सव व कार्यक्रमांपुरते उघडते. उरलेले दिवस टेबलावर चादर पसरलेली असते. गेल्या महिन्यात त्यावर अहवालांचे गठ्ठे दिसले. युवक शाखेने दर शनिवारी व रविवारी सायंकाळी दोन तास सभागृह उघडण्याची जबाबदारी घ्यावी आणि किल्ली कोणाकडे राहील ते आजच ठरवावे. गठ्ठे हलविण्यास मी येईन.