आईचे नाव
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाची वंशावळ नव्याने छापण्याचे घाटत आहे. त्या निमित्ताने मी मातृस्मरणावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी कोणी विद्वान वक्ता नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात मुलांकडून बाराखडी घोटवून घेण्यात घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. तेव्हा माझे बोलणे त्या बेताचेच असणार, हे आपण गृहीत धरावे.

आपण खानदेशची माणसे. आईविषयी बोलावयाचे म्हटले की बहिणाबाई चौधरी यांचे नाव ओठांवर येते. त्या कोणत्या ज्ञातीच्या, हा विचार येथे अप्रस्तुत होय. अशी आई साऱ्या मुलखाची असते. १८८० साली जळगावनजीक असोदे या गावी महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी ओंकार व सोपान हे दोन पुत्र आणि काशी ही कन्या. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीने शेत, चूल आणि जाते सांभाळून मुले वाढविली. आणि हात कामात गुंतलेले असता मुखाने गाणी रचिली. त्या गाण्यांत पेरणी आहे, कापणी आहे, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा आहे, माहेरची वाट आहे.

पुत्र सोपानदेव पुढे कवी म्हणून नावारूपास आले. त्यांनी व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ही गाणी जमतील तशी उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. तदनंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. तो पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. जिला अक्षरओळख नव्हती, तिच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी आज आपली नातवंडे घेतात.

हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मी आपले लक्ष वेधू इच्छितो ते त्या वहीकडे. समजा, ती वही कोणी लिहिलीच नसती. तर बहिणाबाईंच्या कष्टांत काही उणे पडले असते काय? त्यांच्या मायेत? मुळीच नाही. त्यांची थोरवी वहीने घडविली नाही. वहीने ती आपल्या दारापर्यंत आणून पोहोचविली. मग ज्या घरात कवी पुत्र जन्मला नाही, त्या घरच्या आईचे काय झाले? याचे उत्तर आपल्या सर्वांच्या घरी आहे.

माझ्या मातोश्रींचेच सांगतो. त्या निरक्षर होत्या. दुधाचा रतीब घालीत आणि त्याचा हिशोब स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवीत. त्यात पावशेराचीही चूक होत नसे. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी त्या रेघांतूनच भरली गेली. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया करून झाल्या की त्या गोधड्या शिवावयास बसत. कोणता तुकडा कोणत्या आत्याच्या लुगड्याचा, हे नातवंडांना तोंडपाठ असे. गोधडी हीच त्यांची वंशावळ होती. तीन लेकींची व दोन सुनांची बाळंतपणे त्यांनी केली. परंतु दरवर्षी दिवाळीत रंग दिला की भिंतीवरल्या रेघा पुसल्या जात. आज त्या घरात त्यांच्या हाताची एकही खूण लिहिलेली म्हणून नाही.

शाळेत पहिलीत नाव घालावयास आलेल्या मुलाला मी विचारीत असे, "बाळ, तुझ्या आईचे नाव काय?" कित्येक मुले निःशंकपणे उत्तर देत, "आई!" आम्ही शिक्षक हसत असू. परंतु लहान मुलाचे ते उत्तर मोठेपणीही फारसे बदलत नाही. आजी वारली, की दहा वर्षांत नातवाला तिचे नाव आठवेनासे होते. तिला गावात माहेरच्या गावावरून 'अमळनेरवाली' म्हणत, एवढेच कोणाला स्मरत असते. त्यातही एक माहेरचे नाव आणि एक सासरचे. पहिले तर लग्नाच्या मांडवातच तांदळाच्या ताटात मिटून जाते.

श्राद्धाच्या वेळी गुरुजी माता, पितामही आणि प्रपितामही अशा तिघींची नावे विचारतात. तेथे कर्ता मुलगा पहिले नाव सांगतो, दुसऱ्यासाठी चुलत्यांकडे पाहतो, आणि तिसऱ्यापाशी सारेच एकमेकांकडे पाहू लागतात. धर्म ज्या नावांची मागणी करतो, ती नावे आपल्या छापील वंशावळीत नाहीत. जुनी प्रत मी पुन्हा चाळली. अकरा पिढ्या, शेकडो पुरुष. आणि स्त्री एकही नाही. जणू काही हे सारे पुरुष एकमेकांपासून आपोआप जन्मास आले!

काही ज्येष्ठ बंधू म्हणतात की वंश पुरुषाकडून चालतो, ही रीत आहे. शिवाय पाने वाढतील, खर्च वाढेल. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी विचारतो: सोयरीक जुळविताना आपण मामेकुळ विचारतो की नाही? मुलीचे आजोळ कोणते, याची चौकशी केल्यावाचून सुपारी फुटते काय? लग्न ठरविताना जे माहेर आपल्याला इतके महत्त्वाचे वाटते, ते वंशावळीत लिहिताना अनावश्यक कसे ठरते? खर्चाचे म्हणाल, तर एका ओळीत 'पत्नी' असे लिहून पुढे नाव, माहेरचे कुळ व गाव घालावयास कितीशी शाई लागणार?

शासनाने तर याबाबत आपल्यापुढे पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांची नावे शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाची, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले. पुण्यात हेमा राईरकर व गी पॉयत्वाँ यांनी तर गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि गाणाऱ्या बायांची नावे व गावेही टिपून ठेविली. परक्या माणसांना ज्या बायांची नावे मोलाची वाटली, त्या कोणाच्या तरी आयाच होत्या.

म्हणून माझी सभेस दोन नम्र मागणी आहेत. पहिली मंडळाकडे: नव्या वंशावळीत प्रत्येक विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे कुळ व गाव छापावे. लेकींचीही नावे त्यांच्या सासरच्या गावासह यावीत. दुसरी मागणी घरोघरच्या तरुण मंडळींकडे. या दिवाळीच्या सुटीत शंभर पानी वही घेऊन आजीजवळ बसा. तिचे आजोळ कोणते, लग्न कोणत्या साली झाले, दुष्काळात घर कसे चालविले, कोणत्या ओव्या येतात, कोणते लेकरू गेले, हे विचारा. ती प्रथम म्हणेल, "माझं काय लिहायचं त्यात?" तेथे थांबू नका. तिच्या बोलीत, तिच्याच शब्दांत लिहा. शुद्धलेखनाची चिंता करू नका, मी शिक्षक असूनही सांगतो.

सर्वांच्याच आज्या बहिणाबाई नसतील. तशी गरजही नाही. मात्र पुढच्या संमेलनात कोणी नातू उठून आपल्या आजीचे, पणजीचे आणि खापरपणजीचे नाव न अडखळता सांगेल, तर वंशावळीचे काम खऱ्या अर्थाने पुरे झाले असे मी समजेन.