तारणाविना भांडवल

कॅनडाच्या १८७६ सालच्या ‘इंडियन ॲक्ट’मध्ये एक विलक्षण कलम होते. तिथल्या आदिवासी माणसाने विद्यापीठाची पदवी घेतली, तो डॉक्टर किंवा वकील झाला, की कायद्याच्या लेखी तो आदिवासी उरत नसे. त्याला नागरिकत्व मिळे आणि जमातीतले स्थान जाई. शिकायचे तर आपली माणसे सोडायची! ही सक्ती पुढे सैल झाली. पण मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळा कितीतरी दशके चालूच राहिल्या.

हे ठाऊक असले म्हणजे व्हँकुव्हरच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात २०१२ साली सुरू झालेल्या एमबीएचे मोल कळते. विषय आहे आदिवासी समाजांचे उद्योग आणि त्यांचे नेतृत्व. कामधंदा सांभाळून शिकणाऱ्या अनुभवी माणसांसाठी हा अभ्यासक्रम आखलेला आहे.

कुणी विचारील, धंदा तो धंदा, त्याला वेगळी पदवी कशाला? भांडवलाचाच प्रश्न घ्या. बँक आधी तारण मागते. कॅनडातल्या राखीव वस्त्यांची जमीन मात्र सरकारच्या नावे, जमातीच्या वापरासाठी राखलेली. इंडियन ॲक्टच्याच ८९व्या कलमामुळे तिथली मालमत्ता बाहेरच्या सावकाराकडे सहसा गहाण पडत नाही, जप्तही होत नाही. या तरतुदीने जमीन वाचली, आणि कर्जाची वाट अडली. मग भाडेपट्टा, भागीदारी, २००५च्या कायद्यानुसार अनेक जमातींनी मिळून काढलेले कर्जरोखे, अशा वाटा शोधाव्या लागतात. नेहमीच्या पाठ्यपुस्तकाने इथे भागत नाही.

व्हँकुव्हरमधलेच सेनाक पाहा. स्क्वामिश लोकांचे हे गाव. १९१३ साली तिथल्या कुटुंबांना तराफ्यावर चढवून हुसकावले गेले. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर साडेदहा एकरांच्या आसपास जमीन परत मिळाली. आज त्या जागेवर भाड्याने द्यायच्या सुमारे ६,००० घरांचा प्रकल्प उभा राहतो आहे. त्याचा करार २०१९च्या डिसेंबरात जमातीच्या मतदानाला टाकला गेला आणि मोठ्या बहुमताने मंजूर झाला. इथे संचालकांच्या बैठकीत ठराव झाला की काम संपत नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ताळेबंद समजावून सांगावा लागतो, त्यांचे आक्षेप ऐकावे लागतात. मला हे व्यवस्थापनातले सर्वांत अवघड कौशल्य वाटते.

आपल्या गडचिरोलीतही हेच कौशल्य हवे आहे. मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार हाती आला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचे लिलाव स्वतः करू लागल्या. म्हणजे निविदा आल्या, ठेकेदाराशी घासाघीस आली, मजुरीचा आणि नफ्याचा हिशेब आला. गावोगावची माणसे हे काम करता करता शिकली आहेत, आणि त्यांच्या अनुभवातून पदव्युत्तर अभ्यासक्रम नक्कीच उभा राहू शकतो. तो गडचिरोलीतच चालावा, मराठीत आणि गोंडीत चालावा, आणि तेंदूचा हंगाम पार पाडलेल्या ग्रामसभेच्या कार्यकर्त्यांना तिथे शिकवायला बोलवावे, असे मला मनापासून वाटते.