दीड मिलिमीटरची कूर्चा आणि सहा आठवड्यांचा हिशेब
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी मी जमाखर्चाचा आढावा घेतो. तो पुढील पानांत सविस्तर छापलेला आहे, म्हणून पुनरुक्ती टाळतो. आज घोट्याच्या सांध्यातील कूर्चेच्या शस्त्रक्रियेविषयी बोलावयाचे आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकातील जे सांगेन ते अस्थिरोगतज्ज्ञांकडून समजून घेतलेले. परंतु या शस्त्रक्रियेचा एक मोठा खर्च आमच्या बिलात कधीच उमटत नाही, आणि त्याविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार हिशेब पाहणाऱ्यालाही असावा.

पाय मुरगळणे ही आपल्याकडे आजारात न मोजली जाणारी गोष्ट आहे. लेप लावावा, पट्टी बांधावी आणि चौथ्या दिवशी कामावर जावे, ही रीत. बहुतेकांचे त्यात निभावतेही. काहींचा घोटा मात्र महिनोन्‌महिने ठणकत राहतो, सुजतो, मध्येच अडकल्यासारखा होतो. साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा काही दिसत नाही. एमआरआय केल्यावर कळते की मुरगळताना आतील हाडावरची कूर्चा चेपली गेली आहे किंवा तिचा टवका निघाला आहे.

हे आतील हाड म्हणजे टॅलस. शरीराचा सारा भार नडगीकडून पावलाकडे त्याच्यामार्फत जातो. त्यावर एकाही स्नायूची पकड नाही आणि त्याच्या पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग कूर्चेने मढलेला असल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास जागा थोडी. कूर्चा स्वतः तर रक्ताविनाच जगते. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. घोट्यात तिची जाडी सरासरी एक ते दीड मिलिमीटर. गुडघ्यात ती याहून बरीच जाड असते. जेथे रक्त पोहोचत नाही तेथे जखम भरण्याची सामग्रीही पोहोचत नाही. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, हे निरीक्षण विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. आजचे उपचारही या वस्तुस्थितीला वळसा घालण्याचेच प्रयत्न आहेत.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, हे येथे आवर्जून सांगतो. अनेकांना आधारपट्टी, व्यायाम आणि विश्रांती यांनी पुरेसा आराम पडतो, आणि आमचे डॉक्टर प्रथम तोच मार्ग धरतात. तो पुरेसा न ठरल्यास लहान क्षतीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. दोन बारीक छिद्रांतून सांध्यात शिरून सैल झालेली कूर्चा खरवडून काढतात आणि खालच्या उघड्या हाडाला टोचणीसारख्या हत्याराने काही मिलिमीटरच्या अंतराने छिद्रे पाडतात. त्यांतून अस्थिमज्जेतील रक्त वर येते, गोठते आणि कालांतराने त्या खड्ड्यात नवी ऊती धरते. ही मूळची काचेसारखी गुळगुळीत कूर्चा नव्हे; तंतुमय, काहीशी राठ कूर्चा आहे. तरी पुष्कळांचे दुखणे तिने कमी होते.

ही युक्ती किती मोठ्या खड्ड्याला पुरते? बरीच वर्षे सुमारे १५० चौरस मिलिमीटर ही मर्यादा मानली गेली, म्हणजे शर्टाच्या गुंडीपेक्षा थोडे मोठे वर्तुळ. अलीकडील अभ्यासांचा कल ती शंभराच्या आसपास आणण्याकडे आहे. त्यापलीकडे गुडघ्याच्या कमी भाराच्या भागातून कूर्चेसह हाडाचे बारीक दंडगोल काढून घोट्यात बसविण्याचा मार्ग उरतो. हंगेरीचे लास्लो हॅन्गोडी यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तेथवर हात पोहोचण्यासाठी कधी घोट्याच्या आतील बाजूचे उंचवट्याचे हाड कापून पुन्हा स्क्रूने जोडावे लागते. रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपण करण्याचा मार्गही आहे. स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली गुडघ्यावरील असे अनुभव प्रसिद्ध केल्यापासून त्याची वाटचाल चालू आहे. तो दोन टप्प्यांचा आणि फार महाग आहे. आपल्या पत्रकांवर ‘नवी कूर्चा उगवते’ असे छापावे, ही सूचना एका हितचिंतकांनी सद्भावनेने केली होती. माझ्या मते आपण ते छापू नये.

आता हिशेबाकडे येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकरच घरी जातो आणि आमच्या खातेवहीतील त्याचे पान मिटते. त्याचे स्वतःचे पान मात्र तेथून सुरू होते. त्या नव्या ऊतीला धरू द्यावयाचे, तर पावलावर सामान्यतः चार ते सहा आठवडे भार द्यावयाचा नाही. क्षती लहान असेल तर काही शल्यविशारद लवकर परवानगी देतात. हाड कापून जोडले असेल तर ते सांधेपर्यंत थांबणे भागच आहे. याच काळात सांध्याची हालचाल मात्र रोज हवी, कारण हालचालीनेच द्रव कूर्चेत झिरपतो. भार नको आणि हालचाल हवी, हे पथ्य वाटते तितके सोपे नाही. पुढे पूर्ववत श्रमाच्या कामाला कित्येकदा आणखी काही महिने लागतात.

नोकरदाराला रजा असते. हमालाला, केटरिंगच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या बाईला, घरोघरी वृत्तपत्रे टाकणाऱ्या मुलाला ती कोणी द्यावी? फिजिओथेरपी विभागात एक गृहस्थ तिसऱ्या आठवड्यात कुबड्या न घेता चालत आले. थेरपिस्टबाई रागावल्या तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाई, पायाला समजतं, पण दुकानदाराला नाही ना समजत.” त्यांच्या शस्त्रक्रियेवर आपण एक रुपयाही घेतला नव्हता.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. त्या निधीतून उपचाराचे बिल भागते. बुडालेली मजुरी भागत नाही. नियमांचा हा दोष मी मानत नाही. तो निधी त्यासाठी नाहीच. पण हे सहा आठवडे निभावले नाहीत, तर देणगीदारांच्या पैशाने केलेली शस्त्रक्रिया वाया जाण्याचा धोका असतो, आणि दुसऱ्यांदा तीच करण्याचा खर्च पुन्हा आपल्याच माथी येतो.

यंत्रसामग्रीसाठी आपण मुक्तहस्ते देता, दुर्बिणीवर नाव कोरले जाते, आणि ते उचितच आहे. शिधा, रिक्षाभाडे आणि अर्ध्या मजुरीवर नाव कोरता येत नाही. तरीही विश्वस्त मंडळापुढे ‘विश्रांती साहाय्य’ या स्वतंत्र शीर्षाचा प्रस्ताव ठेवला आहे. पायावर भार न देण्याचा लेखी सल्ला ज्यांना मिळाला आहे, अशा निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांना सहा आठवडे दर सोमवारी ठरावीक रक्कम द्यावी आणि त्याच दिवशी त्यांची फिजिओथेरपी व्हावी, अशी त्याची योजना आहे. वैद्यकीय समाजसेविका घरची स्थिती पाहून शिफारस करतील. पैसे रोखीने न देता खात्यात जमा होतील. प्रारंभ घोट्याच्या रुग्णांपासून करावा, कारण त्यांची मुदत ठरलेली असते आणि हिशेब तपासणे सोपे जाते.

मंडळाचा निर्णय होईपर्यंत एक लहानशी विनंती. ज्यांच्या घरी वापरून झालेल्या, उंची कमीजास्त करता येणाऱ्या कुबड्या पडून असतील, त्यांनी त्या फिजिओथेरपी विभागात आणून द्याव्यात. पोच देण्यात येईल. खालचे रबर झिजलेले असले तरी चालेल; ते आम्ही बदलून घेऊ.