खालचा दोरा

शर्टाच्या खिशावर मशीनने भरलेलं शाळेचं नाव किंवा मंडळाचा गणपती आपण सगळेच पाहतो. तो शर्ट उलटा करून मात्र कुणी पाहत नाही. आज एकदा पाहा. रंगीत दोऱ्याच्या मधोमध एक पांढरी रेघ दिसेल. ती बॉबिनच्या दोऱ्याची. वरच्या रंगीत दोऱ्याला खालून धरून ठेवण्याचं काम ती करते. तिच्याबद्दल, आणि ती ज्यातून येते त्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या लहान बॉबिनबद्दल आज बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल. पण ज्या घराची चूल भरतकामाच्या मशीनवर पेटते, त्या घराला तो किरकोळ नाही.

वरळीच्या बीडीडी चाळींत बॉबिन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नसे. १९२०च्या दशकात बांधलेल्या या १२१ चाळी. एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि घराघरातलं कुणी ना कुणी गिरणीत. बायका बहुतेक वायंडिंग खात्यात असत. माझ्या सासूबाई त्यांतल्याच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे काय झालं ते या शहराला ठाऊक आहे. कुणी खानावळ काढली, कुणी पोळ्या लाटून दिल्या, कुणी शिवणाचं मशीन घेतलं. आमच्याकडे आधी पायाचं मशीन आलं आणि बऱ्याच वर्षांनी, कर्ज काढून, एका हेडचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन. ते आत आलं तेव्हा कॉट पॅसेजमध्ये गेली.

नव्याने हा धंदा करणाऱ्या बाईची पहिली फसगत बॉबिनच्या मापात होते. पायाच्या घरगुती मशीनची बॉबिन आणि धंद्याच्या एम्ब्रॉयडरी मशीनची नेहमीची, ‘एल’ मापाची बॉबिन वरून पाहिल्या तर जुळ्या बहिणी. दोघींचा व्यास साधारण वीस मिलिमीटर. फरक जाडीत आहे. घरगुती बॉबिन सुमारे पावणेबारा मिलिमीटर जाड, तर ‘एल’ बॉबिन जेमतेम नऊ. काही मशीनना ‘एम’ मापाची लागते. ती दोन्ही बाजूंनी मोठी आणि तिच्यात दोराही जास्त मावतो. जास्त दोरा मावतो म्हणून ‘एम’ घ्यावी, असं मात्र करता येत नाही. मशीनचं हूक ज्या मापाचं, त्याच मापाची बॉबिन. इथे आवडीनिवडीला जागा नाही.

आवडीनिवडीला जागा आहे ती पुढच्या प्रश्नात. बॉबिन घरी भरायची की भरलेली विकत घ्यायची?

अॅल्युमिनियमच्या रिकाम्या बॉबिन स्वस्त पडतात, पुन्हा पुन्हा वापरता येतात, आणि हवा तो दोरा भरता येतो. कारखान्यात भरून आलेल्या बॉबिनवर दोरा घट्ट आणि एकसारखा बसवलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतो. त्यातही कागदाच्या चकत्यांची, प्लॅस्टिकच्या चकत्यांची आणि चकत्याच नसलेली असे प्रकार आहेत. मध्ये चुंबक बसवलेल्याही मिळतात. मशीन अचानक थांबलं तरी बॉबिन गरागरा फिरत राहू नये, म्हणून तो चुंबक. एरवी हेच काम केसमधली छोटी स्प्रिंग करते. कागदाच्या चकत्यांबद्दल माझा अनुभव सांगते. जुलैत आमच्या खोलीच्या भिंती पाझरायच्या, आणि उघड्या खोक्यातल्या चकत्या मऊ पडून केसमध्ये घासायच्या. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर तक्रार नाही.

आता हिशेब मांडू. हिशेब माझा आहे, तुमच्या मशीनचे आकडे वेगळे येतील. समजा, मंडळाचे साठ टी-शर्ट आले. छातीवरचं चिन्ह आठ हजार टाक्यांचं. मिनिटाला सातशे टाके धरले तर एका शर्टाला साडेअकरा मिनिटं, म्हणजे साठ शर्टांना साडेअकरा तास, आणि ते नुसते सुई चालण्याचे. घरी भरलेली बॉबिन माझ्याकडे वीस हजार टाके जाते, म्हणजे दोन शर्ट. तयार बॉबिन तीस हजारांच्या आसपास, म्हणजे तीन शर्ट. पहिल्या रीतीने तीस वेळा बॉबिन बदलायची, दुसऱ्या रीतीने वीस वेळा. शिवाय त्या तीस बॉबिन आधी भरायला हव्यात. दुकानात दोघींच्या किमतीतला फरक डोळ्यात भरतो. गणपतीच्या आदल्या रात्री दारात मुलं उभी असतात, ‘काकी, आरतीच्या आधी द्या हां!’ म्हणत, तेव्हा त्याच फरकाचं वजन वेगळं होतं.

उरलेल्या दोऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. चार-सहा हजार टाक्यांचा दोरा उरतो, पण त्यात पुढचा शर्ट पुरा होत नाही. मी त्या बॉबिन वेगळ्या डबीत टाकते. टोपीवर नाव घालायला, रुमालाच्या कोपऱ्यावर अक्षर काढायला त्या पुरतात. शर्टाच्या मध्येच दोरा संपू देण्यापेक्षा हे परवडतं. कारण खालचा दोरा संपला तरी वरची सुई क्षणभर चालतच राहते. टाका पडल्यासारखा दिसतो, पण त्याला खालून कुणी धरलेलं नसतं. मग मशीन मागे न्यायचं, सुटलेले टाके काढायचे आणि जोड दिसणार नाही अशी प्रार्थना करायची. बारा-वीस हेडच्या कारखान्यात तर एका हेडची बॉबिन संपली की सगळी हेडं थांबतात. तिथे तयार बॉबिन सोयीच्या पडतात.

दोऱ्याचंही पाहायला हवं. सलग तंतूचा बारीक पॉलिस्टर दोरा गुळगुळीत असतो, धूळ सोडत नाही. सुती किंवा तुकड्या-तंतूंचा कातलेला दोरा थोडा कूस सोडतो. ती कूस केसच्या पट्टीखाली साचली की ताण बिघडतो आणि वर पांढरे ठिपके दिसू लागतात. आपण वरच्या दोऱ्याचे स्क्रू पिळत बसतो आणि दोष खाली असतो. दर बदलाला केस फुंकरून, मऊ ब्रशने साफ करायची, हा नियम माझ्या घरात पोरांनाही पाठ आहे.

ताण तपासायची जुनी, बिनपैशाची रीत अशी. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून तिचा दोरा बोटांत धरा आणि केस लोंबकळू द्या. ती आपोआप घसरत खाली गेली तर सैल. हाताला हलका हिसका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबली तर बरोबर. हिसक्यानेही हलली नाही तर फार घट्ट. मग एक जाड, भरीव रेघ शिवून कापड उलटं करा. पांढरा दोरा मधल्या एक-तृतीयांशात दिसायला हवा, दोन्ही कडांना रंग. सुरुवातीला आपण याच रेघेबद्दल बोललो.

घरी भरलेल्या बॉबिनला सासूबाईंची परीक्षा आणखी कडक होती. गिरणीत जन्म गेलेला. त्या बॉबिनवर अंगठ्याचं नख दाबायच्या. नख रुतलं की म्हणायच्या, ‘अगं, ही ढिली आहे. उलगडून परत भर.’ मी म्हणायची, चालेल हो एवढी. त्या ऐकून घ्यायच्या नाहीत. स्वतःच उलगडायला बसायच्या. ढिल्या भरलेल्या बॉबिनचा दोरा मध्येच सैल, मध्येच ताठ येतो, आणि ते शर्टावर दिसतं. आणि शर्ट गिऱ्हाइकाचा असतो, हे विसरू नका. खाली दोऱ्याचा गुंता होऊन कापडाला भोक पडलं, तर त्या शर्टाची किंमत आपल्या मजुरीतून जाते. एका शर्टापायी चार-पाच शर्टांची मजुरी गेलेल्या बायका मला ठाऊक आहेत.

आता वरळीच्या चाळी टप्प्याटप्प्याने उतरत आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरी मशीन चालवणाऱ्या बायकांचे प्रश्न आता वेगळे आहेत. एवढं जड मशीन लिफ्टमधून कसं न्यायचं, त्याच्या आवाजाला नवे शेजारी काय म्हणतील. चाळीत सगळ्यांचीच दारं उघडी असायची, म्हणून आवाजही सगळ्यांचाच होता.

बॉबिन आणायला जाल तेव्हा नुसतं माप सांगू नका, आपली केस आणि एक जुनी बॉबिन पर्समध्ये घेऊन जा. खोकं घेण्याआधी एक बॉबिन केसमध्ये घालून दोरा ओढून पाहा. अडखळली किंवा आत खुळखुळली, तर दुसरी मागा. गर्दीच्या वेळी दुकानदार कुरकुरतो, म्हणून मी सकाळी दुकान उघडताच जाते.