माप, तराजू आणि पत

शहरांतला मनुष्य दुकानांत जातो, पुड्यावर छापलेली किंमत देतो आणि पुडा घेऊन घरीं येतो. दुकानदाराचें नांव त्याला ठाऊक नसतें, दुकानदाराला त्याचें ठाऊक नसतें. आणि त्यावांचून दोघांचेंहि कांहीं अडत नाहीं. लहान शेतकरी गांवांत असें नसतें. तेथें विकणारा आणि घेणारा यांचे आजे एकमेकांस ओळखीत असत, आणि आज भांडण झालें तरी उद्यां एकाच पायवाटेनें जाणें चुकत नाहीं. अशा ठिकाणीं देवघेव कशी चालत असे, तिच्यांत चांगलें काय होतें आणि वाईट काय होतें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नाहीं. मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली, आणि सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागांत प्राथमिक शाळेंत सारें आयुष्य घालविलें, एवढाच माझा अधिकार.

माझ्या लहानपणीं, म्हणजे १९६७-६८ च्या सुमारास, आमच्या घरीं सुताराला किंवा लोहाराला कामाचे पैसे रोखीनें दिलेले मीं पाहिले नाहींत. कुळव मोडला कीं तो सुताराच्या दारीं नेऊन टाकावयाचा. फाळ बोथट झाला कीं लोहाराच्या भात्यापुढें ठेवावयाचा. हिशेब व्हावयाचा तो ज्वारीची मळणी होऊन खळ्यावर रास पडली म्हणजे. यालाच बलुतें म्हणत. बलुतेदार बारा, असें आपण तोंडानें म्हणतों. पण ते बारा कोणते याविषयीं सर्व ठिकाणीं एकमत नाहीं. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी हीं नांवें बहुतेक यादींत सांपडतात. ज्याचें काम शेताला अधिक लागे त्याची ओळ थोरली आणि वांटा मोठा. कमी लागे त्याची ओळ मधली किंवा धाकटी. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत ही व्यवस्था तपशीलवार वर्णिली आहे, आणि तिचे दोष झांकून ठेवलेले नाहींत. ज्यांना अधिक जाणून घ्यावयाचें असेल त्यांनीं तो ग्रंथ अवश्य वाचावा.

खळ्यावर धान्य तोलीत नसत, मापानें मोजीत. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. शेराच्या खालीं मापटें आणि चिपटें. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन, चार. माप भरण्याच्या रीती दोन. कांठाबरोबर हात फिरविला म्हणजे सपाट माप, आणि वर निमुळता ढीग राहूं दिला म्हणजे शिगेचें माप. शिगेंत किती धान्य मावतें हें मापाच्या तोंडाच्या रुंदीवर असतें. म्हणून लबाडीला जागा होती ती येथेंच. घेतांना रुंद तोंडाचें माप शीग लावून घ्यावयाचें, देतांना अरुंद तोंडाचें माप हात फिरवून द्यावयाचें. आणि दोन्ही वेळां तोंडानें शब्द मात्र 'पायली' हाच!

हा प्रकार मीं प्रथम पाहिला तो दुसऱ्या कोणाच्या खळ्यावर नव्हे, आमच्याच. त्या वर्षीं पाऊस कमी झाला होता आणि रास लहान होती. वडील सुताराला बलुतें मोजीत होते. दरवर्षीं शीग लावून जाणारी पायली त्या दिवशीं हात फिरवून जाऊं लागली. सुतार कांहीं बोलला नाहीं. त्यानें धान्य गोळा केलें, रामराम केला आणि तो गेला. रात्रीं आजी वडिलांना म्हणाली, "त्यानं वरीसभर तुझं औत कधी अडीवलं न्हाई, आन् तूं त्याच्या मापावरनं हात फिरीवलास व्हय?" वडील खालीं मान घालून जेवले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं एक अधोली ज्वारी माझ्या डोक्यावर देऊन मला सुताराकडे धाडलें. सुतारानें ती ठेवून घेतली आणि म्हणाला, "तात्यांना सांग, रास ल्हान हाये ह्ये मलाबी दिसत हुतं. औंदा कमी घे म्हनायचं हुतं, मी घेतलं असतं. हात कशाला फिरवायचा?"

त्या वयांत मला या बोलण्याचा अर्थ पुरता कळला नाहीं. पुढें मुलांना शेर-पायलीचीं आणि किलोग्रॅमचीं उदाहरणें घालतांना तो पुष्कळदां आठवला. कमी देणें हा नेहमींच अन्याय असतो असें नाहीं. दुष्काळ सर्वांवरच येतो. पण कमी देऊन पुरतें दिल्याचा देखावा करणें, हें मात्र समोरच्याला मूर्ख ठरविणें आहे. सुताराला अधोलीभर ज्वारीचें दुःख नव्हतें, त्याला त्या हाताचें दुःख होतें.

ही गोष्ट सांगितल्यावर कोणी म्हणेल, "पाहा, जुन्या काळीं माणुसकी होती!" तर तेथेंच थांबावें लागेल. सुतार उत्तर देऊं शकला, कारण त्याच्यावांचून औत अडत होतें आणि तो आमच्या ओटीवर बसूं शकत होता. महारवाड्यांतील आणि मांगवाड्यांतील माणसाला तसें उत्तर देण्याची सोय नव्हती. त्याचें काम कोणतें आणि किती, याला सीमा नव्हती. निरोप पोंचविणें, वेशीची राखण करणें, मेलेलें जनावर ओढणें, सरकारी अंमलदारापुढें धांवणें, सारें त्याच्याच माथीं. मोबदला मात्र देणाऱ्याच्या लहरीवर, आणि तोहि दुरून टाकलेला. या वेठींतून महार वतनदारांची सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें होतें. गांवकीचीं कनिष्ठ वतनें रद्द करणारा कायदा मुंबई राज्यांत झाला तो १९५८ सालीं. मधलीं तीस वर्षें ज्यांनीं दुरून टाकलेलें धान्य उचललें, त्यांच्यापुढें 'जुनें तें सोनें' ही म्हण उच्चारण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

आतां खळ्यावरून बाजारांत येऊं. आमच्या गांवीं दुकानें दोनच. बाकीची खरेदी आठवड्याच्या बाजारीं, तीन कोसांवरील मोठ्या गांवांत. बाजार म्हणजे केवळ भाजी आणि मिरच्या नव्हेत. कल्हईवाला तेथेंच भाता लावी, न्हावी झाडाखालीं बसे, कासार बांगड्या भरी, चांभार वहाणेला टांका घाली, आणि कचेरींत काम असलेला मनुष्य तेंहि त्याच दिवशीं उरकून घेई. लेकीच्या सासरचें कुशल कळावयाचें तें बाजारांत, सोयरीक जुळावयाची ती बाजारांत. तराजूच्या करामतीहि तेथेंच. पारड्याखालीं मेण लावणें, दांडी मारणें, वजनाऐवजीं दगड वापरणें, हें सर्व गिऱ्हाईकाला ठाऊक असे. म्हणून तेंहि वरकड मागून घेई. वजनामापांचा दशमान कायदा १९५६ सालीं झाला, १९५८ पासून किलोग्रॅमचीं वजनें येऊं लागलीं आणि त्यांवर सरकारी शिक्का पडूं लागला. तेव्हां निदान भांडण कशावरून करावयाचें हें तरी निश्चित झालें.

शेतकरी घेणारा असतो तेव्हां त्याचें नुकसान छटाकाचें असतें. विकणारा असतो तेव्हां तें मणाचें असतें. पूर्वीं मोठ्या पेठांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखालीं हात घालून एकमेकांचीं बोटें दाबीत आणि भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेजारीं उभा राहून रुमालाकडे पाहत असे! हें थांबावें म्हणून वऱ्हाडांत १८९७ सालींच कापूस आणि धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला. शाही शेतकी कमिशननें १९२८ च्या अहवालांत नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यांत कापसापुरता कायदा १९२७ सालीं झाला होता, शेतमालाच्या बाजारांसाठीं १९३९ सालीं झाला, आणि महाराष्ट्र राज्याचा १९६३ सालीं. उघडा लिलाव, तपासलेला कांटा आणि लेखी हिशेबपट्टी, हीं या कायद्यांचीं फळें होत. पण पट्टी लेखी असली तरी ती वाचणारा पाहिजे, हें कोणत्याहि कायद्याला करतां आलेलें नाहीं. त्याविषयीं शेवटीं सांगेन.

तत्पूर्वीं उधारीविषयीं दोन शब्द. शेतकऱ्याच्या हातीं पैसा वर्षांतून एकदां-दोनदां येतो आणि मीठमिरची रोज लागते. त्यामुळें उधारी ही तेथें चैन नसते, गरज असते. धान्याची उसनवारी सवाई-दिढीनें फेडावी लागे. म्हणजे पेरणीच्या वेळीं एक मण घेतला तर सुगीला सव्वा किंवा दीड मण द्यावयाचा. कर्जाचा कागद कुणब्याला वाचतां येत नसे, म्हणूनच त्याची धास्ती मोठी. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला. तेव्हां लोकांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षां त्यांच्या खतांवर आणि रोख्यांवर होता. तीं हिसकून घेऊन त्यांनीं जाळलीं.

पण उधारीची दुसरी बाजूहि मीं पाहिली आहे. आमच्या भागांतलीं अनेक घरें मुंबईच्या गिरणीवर चालत. मी नव्यानें शाळेंत लागलों तेव्हां आलेलीं पत्रें वाचून दाखविणें आणि उत्तरें लिहून देणें, हें माझें शाळेबाहेरचें काम होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. महिन्याच्या महिन्याला येणारी मनिऑर्डर बंद पडली, आणि पुढें मनिऑर्डर धाडणारे स्वतःच वळकटी घेऊन परत आले. आमच्या गांवचे एक दुकानदार त्या वर्षीं सर्वांना माल देत राहिले. त्यांची वही भरली, दुसरी आली. मीं एकदां विचारलें, "शेटजी, हें वसूल कसें होणार?" ते म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईकच गांव सोडून गेलं, तर दुकान कुणासाठी उघडायचं?" यांत दया होती कीं व्यवहार होता, हें मला अजून सांगतां येत नाहीं, बहुधा दोन्ही होतीं. कित्येकांनीं तें देणें वर्षानुवर्षें थोडें थोडें फेडलें, कांहींचें बुडालें. मात्र ज्याचें नांव वहींत, त्याला दुसऱ्या दुकानांत जातां येत नव्हतें आणि भाव विचारण्याची छाती होत नव्हती, हेंहि तितकेंच खरें. पत मिळते तेव्हां तिची किंमत कोठें तरी द्यावी लागतेच.

आतां पट्टीची गोष्ट. १९९० नंतरची. चौथीच्या वर्गाला वजाबाकीचीं उदाहरणें हवीं होतीं. मीं मुलांना सांगितलें, "घरीं कांद्याची पट्टी असेल तर उद्यां आणा." नऊ पट्ट्या आल्या. वर एकूण रक्कम, खालीं हमाली, तोलाई, मोटारभाडें, उचल. शेवटीं हातीं आलेला पैसा. आम्ही एकेक फळ्यावर मांडूं लागलों. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुर्जी, आमच्या पट्टीत हमाली दोनदा हाये." मीं पाहिलें. खरोखरच ती एकदां वर आणि एकदां खालीं, निराळ्या अक्षरांत कापलेली होती. तिचा बाप दुसऱ्या बाजारीं पट्टी घेऊन गेला. व्यापाऱ्यानें ती पाहिली, 'चुकून झालें' म्हणाला आणि बावीस रुपये परत दिले. तें चुकून झालें असेलहि. कोणावर आळ घेण्याचें मला कारण नाहीं.

बाप संध्याकाळीं शाळेंत आला. मला वाटलें, आनंदानें आला असेल. तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला आणि मग म्हणाला, "मास्तर, मागल्या सालच्या पट्ट्या घरांत हुत्या. बायकूनं चुलीत घातल्या. त्यांत काय हुतं, कुनाला ठावं!" त्या दिवसापासून दरवर्षीं चौथीच्या वर्गांत पट्टीचा एक आठवडा मीं ठेवला, आणि वाण्याच्या वहीची नक्कल घरीं कशी लिहावी हेंहि शिकविलें. मी निवृत्त झालों तोंपर्यंत तो क्रम चालला. त्या दुकानदारांनीं, नवल असें कीं, राग मानला नाहीं. "आतां भांडण कमी होतंय," असें ते म्हणाले.

आज खळ्यावर पायली नाहीं, भाव मोबाईलवर कळतो, पैसेहि त्यावरून देतां येतात. साधनें सुधारलीं ही आनंदाची गोष्ट आहे. पण साधन कोणतेंहि असो, व्यवहाराचा कस लागतो तो तीनच गोष्टींवर. माप दोघांना दिसेल असें असावें. हिशेब दोघांना वाचतां येईल असा असावा. आणि कमी द्यावयाचें झालें तर तसें तोंडानें सांगून द्यावें. हें गांवाला जितकें लागू आहे तितकेंच आपल्या शहरांतील घरांनाहि. आपल्या दारीं भाजीवाली येते, मोलकरीण येते, इस्त्रीवाला येतो. त्यांच्याशीं घासाघीस अवश्य करावी; तोहि व्यवहारच आहे. फक्त करतांना एकदां आपला हात मापावरून तर फिरत नाहीं ना, एवढें पाहावें.